अंगठा उठवणारी की मत मांडणारी?

‘आता घरोघरी मोबाइल आला आहे. शेतात निंदणीला जाणाऱ्या बाईच्या कनवटीलाही फोन असतो. मग इंटरनेटच्या बाबतीत स्त्री-पुरुष विषमता राहिली कुठे?’ असा प्रश्न हल्ली सभांमधून, प्रशिक्षणांमधून हमखास विचारला जातो. विचारणाऱ्याचा हेतू वाईट असतो असे नाही. फोन दिसतो, म्हणून प्रश्न सुटला असे त्याला प्रामाणिकपणे वाटते. पण फोन घरात असणे, तो बाईच्या स्वतःच्या ताब्यात असणे, तो तिला नीट वापरता येणे आणि त्यावरून तिने चार लोकांत आपले म्हणणे मांडणे, या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचे आकडे दाखवून चौथी साध्य झाली असे म्हणणे म्हणजे घरात चूल आहे म्हणून सगळ्यांना पोटभर जेवायला मिळते असे गृहीत धरण्यासारखे आहे.

आधी आकडेच पाहू. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ‘तुम्ही कधी इंटरनेट वापरले आहे का?’ असा साधा प्रश्न होता. देशात ५७ टक्के पुरुषांनी ‘हो’ म्हटले, स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३३ टक्के होते. पुरोगामी म्हणवणाऱ्या आपल्या महाराष्ट्रात पुरुष ६१ टक्क्यांच्या पुढे आणि स्त्रिया ३८ टक्के. देशाच्या ग्रामीण भागात तर चार स्त्रियांपैकी एकीनेही इंटरनेट कधी वापरलेले नव्हते. त्यानंतर हे आकडे वाढले आहेत, आणि ते वाढतच जातील. पण प्रश्न काय होता ते पुन्हा वाचा. ‘कधी वापरले आहे का?’ शेजारणीच्या फोनवर एकदा पुरणपोळीची कृती पाहिली तरी उत्तर ‘हो’. मुलाने लावून दिलेले कीर्तन ऐकले तरी ‘हो’. उद्या हा आकडा शंभर टक्के झाला तरी बायका इंटरनेटवर बोलू लागल्या असे त्यावरून म्हणता येणार नाही.

जिथे बहुतेकांच्या घरी इंटरनेट पोचले, तिथे नेमके काय घडले हे पाहिले की मुद्दा स्पष्ट होतो. अमेरिकेत एस्तेर हार्गिताई या समाजशास्त्रज्ञ स्त्रीने २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. न्यू जर्सी राज्यातल्या एका जिल्ह्यातल्या इंटरनेट वापरणाऱ्या साध्यासुध्या माणसांना त्यांनी संगणकासमोर बसवले आणि अमुक माहिती शोधून दाखवा असे सांगितले. सगळ्यांकडे इंटरनेट होते, तरी एकाला जे चुटकीसरशी सापडत होते ते दुसऱ्याला बराच वेळ खटपट करूनही सापडत नव्हते. साधन असण्या-नसण्याची दरी ही पहिली, आणि ते वापरण्याच्या कौशल्याची दरी ही दुसरी, असे त्यांनी मांडले. पहिली दरी बुजली की दुसरी आपोआप बुजत नाही, उलट तेव्हाच ती नजरेत भरू लागते.

पुढे त्यांनी आणि आरॉन शॉ यांनी विकिपीडियाचे उदाहरण घेऊन हे अधिक बारकाईने पाहिले. विकिपीडिया हा कोणालाही लिहिता येईल असा ज्ञानकोश. तिथे ना संपादकाची शिफारस लागते, ना पदवीचा कागद. म्हणजे सगळ्यांना दार सारखेच उघडे असायला हवे. पण २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या सर्वेक्षणात लिहिणाऱ्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण १३ टक्क्यांच्याही आत निघाले. असे का व्हावे? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात या दोघांनी सहभागाच्या पायऱ्या मांडल्या. आधी अशी काही गोष्ट आहे हे ऐकलेले असावे लागते. मग तिथे जाऊन वाचलेले असावे लागते. मग हे आपल्यालाही बदलता येते, इथे आपणही लिहू शकतो, हे माहीत असावे लागते. आणि मग शेवटी प्रत्यक्ष लिहिणे. प्रत्येक पायरीवर माणसे गळतात, आणि कोण गळणार यात इंटरनेटच्या कौशल्याचा मोठा वाटा असतो.

मैत्रिणींनो, यातली तिसरी पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘हे मलाही बदलता येते’ ही ती पायरी. वाचणे आणि लिहिणे यांच्यामध्ये हा एक उंबरठा आहे. आपल्या बायकांना उंबरठ्याची ओळख नव्याने करून द्यायला नको. बातम्या, व्हिडिओ, सुविचार, आरोग्याचे सल्ले, सगळे कोणीतरी तिकडे तयार करते आणि आपण ते घ्यायचे, फार तर पुढे पाठवायचे, ही समजूत इतकी पक्की असते की इथे आपलेही काही घालता येईल हा विचारच शिवत नाही. घरात टीव्हीसमोर बसायची सवय होती, तीच सवय हातातल्या छोट्या पडद्यासमोर चालू राहिली.

आता कौशल्य येते कुठून, हे पाहू. पोहण्यावरची पुस्तके वाचून कोणी पोहायला शिकत नाही. पाण्यात पडावे लागते, नाकातोंडात पाणी जावे लागते. इंटरनेटचेही तसेच आहे. हे दाबून पाहा, ते उघडून पाहा, चुकले तर मागे या, मित्राला विचारा, रात्री उशिरापर्यंत बसा, अशा रिकाम्या खटाटोपातून ते अंगवळणी पडते. त्यासाठी चार गोष्टी लागतात. स्वतःचे साधन, स्वतःचा वेळ, चुकण्याची मुभा आणि बरोबरीची सोबत. या चारही गोष्टी आपल्या समाजात मुलग्याला न मागता मिळतात.

साधनाचे घ्या. कितीतरी घरांत चांगला फोन पुरुषाकडे असतो, तो जुना झाला की बायकोकडे येतो. तोही दिवसभर मुलांच्या हातात. त्यात काय पाहिले, कोणाशी बोलली, हे कोणीही उघडून बघू शकते. अशा फोनवर बाई मनातले काय लिहिणार? वेळेचे म्हणाल तर सरकारनेच २०२४ साली केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरातली बिनमोलाची कामे करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात जातात असे दिसले. ही कामे करणाऱ्या पुरुषांची मिनिटे भरली ८८. म्हणजे रोज तीन तासांहून अधिक फरक. त्या तीन तासांत काय काय शिकून होईल! आणि चुकण्याची मुभा? मुलाने फोन बिघडवला तर ‘त्याला फार खटपटी करायची हौस’ असे कौतुकाने सांगितले जाते. मुलीकडून, सुनेकडून काही बिघडले तर ‘कळत नाही तर हात कशाला लावायचा?’ हे ठरलेले. त्यात भर म्हणजे काही ठिकाणच्या जातपंचायतींनी अविवाहित मुलींनी मोबाइल वापरू नये असे फतवे काढल्याच्या बातम्याही आपण वाचलेल्या आहेत. मग मुलगे ‘उपजतच हुशार’ ठरतात आणि मुली ‘तंत्रज्ञानात कच्च्या’. स्वयंपाक जसा बाईच्या रक्तात नसतो, तसे यंत्रही पुरुषाच्या रक्तात नसते. जे ज्याच्याकडून करवून घेतले जाते, ते त्याला येते.

याहून खोल गोष्ट म्हणजे स्वतःविषयीचे मत. हार्गिताई यांनी एका सहकाऱ्याबरोबर २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्त्री-पुरुषांना प्रत्यक्ष इंटरनेटवर कामे करायला दिली, आणि ‘तुम्हाला हे कितपत येते?’ असेही विचारले. प्रत्यक्ष कामात दोघांच्यात फारसा फरक दिसला नाही. पण स्वतःला गुण देताना स्त्रियांनी पुरुषांपेक्षा बरेच कमी दिले. हे वाचून आपल्यापैकी कोणाला आश्चर्य वाटेल? बचत गटाचा सगळा हिशेब फोनवर ठेवणारी, बँकेचे संदेश वाचून हप्ता चुकू न देणारी बाई ‘मला बाई त्यातले काही कळत नाही’ असे सहज म्हणते. आणि जिला स्वतःलाच वाटते की मला येत नाही, ती चार लोकांत तोंड उघडण्याच्या फंदात पडत नाही. येत असून न बोलणे, ही स्त्रीच्या बाबतीत नेहमीची कथा आहे.

बाईला ‘येत नाही’ असे म्हणताना दोष कुठे असतो, याचे एक ठळक उदाहरण आपल्या राज्यात घडले. अंगणवाडी सेविकांना पोषण आहाराच्या, मुलांच्या वजन-उंचीच्या नोंदी मोबाइलवर करायला लावल्या गेल्या. दिलेले फोन कमी क्षमतेचे, सारखे अडकणारे, आणि ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप इंग्रजीत. वर्षानुवर्षे मराठीत चोख रजिस्टरे लिहिणाऱ्या बायका एका रात्रीत अडाणी ठरल्या! ऑगस्ट २०२१मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी हे फोन सरकारी कार्यालयांत नेऊन परत केले. आम्हाला काम नको असे त्यांचे म्हणणे नव्हते. चालणारे साधन द्या आणि आमच्या भाषेत द्या, एवढीच मागणी होती. या आंदोलनाने एक गोष्ट लखलखीत दाखवून दिली. कौशल्य हा माणसाचा एकट्याचा गुण नसतो. साधन कसे आहे, भाषा कोणाची आहे, ते बनवताना कोणाला डोळ्यांपुढे ठेवले, यावरही कोणाला ‘येते’ आणि कोणाला ‘येत नाही’ हे ठरते.

आता अलीकडचे पाहा. जून २०२४मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली. महिना १५०० रुपये मिळणार म्हणताच लाखो बायकांचा इंटरनेटशी संबंध आला. पण कसला? सेतू केंद्रांपुढे रांगा लागल्या. कोणीतरी तिचे आधार कार्ड घेतले, कोणीतरी तिचा फोटो काढला, कोणीतरी तिच्या फोनवर आलेला ओटीपी मोठ्याने विचारला, तिने तो सांगितला, आणि तिचा अर्ज ‘ऑनलाइन’ झाला. त्या अर्जात काय भरले, कशाला संमती दिली, हे तिला ठाऊक नाही. पूर्वी सावकाराच्या कागदावर अंगठा उठवत असत. आता ओटीपी सांगतात. फरक एवढाच की अंगठ्याला निदान शाई लागत असे, आपण कशावर तरी खूण केली हे बोटावर दिसत असे!

पुढे सप्टेंबर २०२५मध्ये ई-केवायसीची अट आली. स्वतःच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाइलवर येणारा ओटीपी मागण्यात आला. ज्या बाईचा नवरा वारला आणि वडीलही हयात नाहीत, जी घटस्फोटित आहे, जिला नवऱ्याने टाकले आहे, तिने कोणाचा ओटीपी आणायचा? ज्यांना पैशाची सर्वांत जास्त गरज, नेमक्या त्याच अडकल्या. ओरड झाल्यावर मुदत वाढवून वेगळी सोय करावी लागली. पण मला पडलेला प्रश्न निराळा आहे. ही अट घालण्याआधी या बायकांना कोणी विचारले होते का? विचारले असते तर गावातल्या कोणत्याही परित्यक्तेने ही अडचण एका वाक्यात सांगितली असती. इंटरनेटवर बाई ‘लाभार्थी’ म्हणून मोजली जाते, तिचा क्रमांक असतो, तिचा फोटो असतो, पण तिचे मत नसते. आणि अडचण सांगायची तर ती कुठे, कोणत्या खिडकीत, कशी लिहायची, हे कौशल्य तिला कोणी दिलेलेच नाही. अर्ज भरण्यापुरते इंटरनेट आणि तक्रार करण्यापुरते मौन, अशी ही वाटणी आहे.

इथे कोणी म्हणेल, मग शिकवा की सगळ्यांना, प्रश्न मिटेल. तेवढ्यावर तो मिटत नाही, हेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. हार्गिताई आणि शॉ यांनी २०१५ साली अमेरिकेतल्या तरुणांविषयी जे लिहिले ते आपल्याला विचार करायला लावणारे आहे. ज्यांना इंटरनेटचे कौशल्य कमी, त्यांच्यात मुलगेही विकिपीडियावर लिहीत नव्हते आणि मुलीही. तिथे दोघांची गत सारखी. ज्यांना कौशल्य चांगले अवगत होते, त्यांच्यात मात्र मुलगे लिहू लागले आणि मुली मागे राहिल्या. म्हणजे कौशल्य ही सहभागाची पहिली अट आहे, पण ती पुरेशी नाही. शिकलेल्या बाईलाही कोणीतरी गप्प बसवते.

कोण, हे आपल्याला माहीत आहे. जुलै २०२१मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२२मध्ये आपल्या देशातल्या मुस्लिम स्त्रियांचे फोटो त्यांच्या नकळत उचलून, इंटरनेटवर त्यांचा ‘लिलाव’ मांडण्याचा किळसवाणा प्रकार झाला. दुसऱ्या वेळी मुंबई पोलिसांनी अटकाही केल्या. निवडून काढलेल्या त्या स्त्रिया कोण होत्या? पत्रकार, कार्यकर्त्या, लेखिका. म्हणजे ज्यांना इंटरनेट उत्तम येत होते आणि ज्या बोलत होत्या, त्याच. संदेश स्पष्ट होता, ‘बोलाल तर बाजारात उभे करू.’ एवढे टोकाचे नसले तरी बाईने राजकारणावर, धर्मावर, जातीवर दोन ओळी लिहिल्या की मुद्द्याचे उत्तर न देता तिच्या रूपावर, चारित्र्यावर तुटून पडणारी झुंड आपण रोज पाहतो. दलित, आदिवासी, मुस्लिम बाई असेल तर शिव्यांना जातीची आणि धर्माचीही धार येते.

यावरून घरची मंडळी आणि कधीकधी आपल्याच मैत्रिणीही असा निष्कर्ष काढतात की तिथे घाणच फार, बायकांनी जावेच कशाला? हा युक्तिवाद जुना आहे. मुली शाळेत निघाल्या तेव्हा हाच होता, बायका नोकरीसाठी गर्दीच्या बसमधून जाऊ लागल्या तेव्हा हाच होता, ग्रामपंचायतीत गेल्या तेव्हाही हाच. घाण आहे म्हणून बाईने रस्त्यावरून जायचे सोडले नाही, रस्ता सर्वांचा आहे म्हणून ती भांडली. पंचायतीत राखीव जागा आल्या तेव्हा सही तिची आणि कारभार नवऱ्याचा असे ‘सरपंचपती’ गावोगाव उभे राहिले. म्हणून कोणी राखीव जागा काढा असे म्हटले नाही. प्रशिक्षणे झाली, बायका कागद वाचू लागल्या, कितीतरी जणींनी खुर्चीवरून नवऱ्याला उठवले. आज इंटरनेटवरही बाईच्या नावाचे खाते आणि चालवणारा घरातला पुरुष असे दिसतेच. उपाय तोच आहे. खाते बंद करणे हा उपाय नव्हे, ते तिच्या हातात देणे हा आहे.

बायका बोलल्या नाहीत तर बिघडले कुठे, असेही कोणी विचारील. बिघडते ते असे. २०१८ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक डॉना स्ट्रिकलंड यांना जाहीर झाले, त्या दिवशी इंग्रजी विकिपीडियावर त्यांच्यावर लेखच नव्हता. त्याच वर्षी काही महिने आधी कोणीतरी लिहिलेला मसुदा, त्यांची पुरेशी दखल घेतली गेल्याचे दिसत नाही, अशा कारणाने परत केला गेला होता. नोबेल मिळवणाऱ्या बाईची ही स्थिती, तर आमच्या कष्टकरी बाईची काय असेल? मराठी विकिपीडिया २००३मध्ये सुरू झाला. त्यात कशावर लिहायचे, कोणाचे काम नोंदवण्याजोगे, हे लिहिणारे ठरवतात. युद्धे, किल्ले, क्रिकेटपटू यांवर भरभरून लिहिले जाते, आणि वाळवणे, बियाणे राखणे, बाळंतपण करणाऱ्या सुइणी, ऊसतोडणीतल्या बायकांचे जगणे यांवर लिहायला कोणी बसत नाही. आता तर यंत्रेही इंटरनेटवर जे लिहिलेले सापडते त्यावरच शिकतात आणि आपल्याला उत्तरे देतात. जिने लिहिले नाही, तिचे जग त्या उत्तरांतही नसणार.

आणि आमच्या बायकांकडे सांगण्यासारखे काही नाही असे म्हणायची कोणाची हिंमत आहे? हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आज त्यांतल्या पुष्कळ ओव्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात इंटरनेटवर वाचता-ऐकता येतात. ज्या बायकांना अक्षरओळख नव्हती त्यांनी नवऱ्याविषयी, सासरविषयी, रामाविषयी, आंबेडकरांविषयी किती निर्भयपणे मत मांडले आहे! ते जगासमोर आले, कारण कोणीतरी आस्थेने गोळा करून तिथे नेऊन ठेवले. त्या आजीच्या नातीकडे आज फोन आहे. तिने दुसऱ्या कोणाची वाट का पाहावी?

मग करायचे काय? साक्षरता मोहिमेचा अनुभव आपल्या गाठीशी आहे. सही करता आली की साक्षर, असे धरले तिथे बायका सहीपुरत्याच राहिल्या. पण आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्यात दुबगुंटा गावच्या बायकांनी १९९२च्या सुमारास साक्षरता वर्गातल्या धड्यावरून आपल्या गावातल्या दारूविषयी बोलायला सुरुवात केली आणि गुत्ता बंद पाडला. ते लोण जिल्हाभर, राज्यभर पसरले आणि १ ऑक्टोबर १९९३पासून आंध्रात अरकवर बंदी आली. पाटी-पेन्सिल दोन्हीकडे तीच. फरक पडला तो शिकता शिकता बोलायची जागा मिळाली म्हणून.

इंटरनेट-शिक्षणाचेही असे दोन रस्ते आहेत. प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान २०१७ ते मार्च २०२४ चालले. अभ्यासक्रम वीस तासांचा, आणि सहा कोटींहून अधिक लोकांना शिकवल्याचे सरकार सांगते. यंत्र चालू करणे, पैसे पाठवणे, सरकारी सेवा घेणे यांवर त्याचा भर होता. हे सगळे हवेच. केरळने तर घरोघरी सर्वेक्षण करून, स्वयंसेवक पाठवून, म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही शिकवून ऑगस्ट २०२५मध्ये राज्य डिजिटल साक्षर झाल्याचे जाहीर केले. महाराष्ट्राने त्यातून धडा जरूर घ्यावा. पण पैसे पाठवता येणे ही सही करता येण्यासारखी गोष्ट आहे. आपल्याला त्याच्या पुढे जायचे आहे.

म्हणून आपल्या संघटनांनी, बचत गटांनी, महिला मंडळांनी हा विषय हाती घ्यावा असे मी सुचवते. महिन्याच्या बैठकीत अर्धा तास त्यासाठी राखावा. पहिला नियम, शिकवणारीने शिकणारीच्या फोनला हात लावायचा नाही. ‘आण इकडे, मी करून देते’ या वाक्याने जितक्या बायका अडाणी राहिल्या तितक्या शाळा नसल्यानेही राहिल्या नसतील. सुरुवात मराठीत लिहिण्यापासून करावी. टंकलेखन अवघड वाटत असेल तर बोलून लिहिण्याची सोय बहुतेक फोनमध्ये असते, ती वापरावी. मग आलेला संदेश खरा की खोटा हे तपासायला शिकावे. मग स्वतःचे रक्षण. फोनला कुलूप कसे लावावे, आपला फोटो कोणाला दिसावा हे कसे ठरवावे, त्रास देणाऱ्याला कसे अडवावे, आणि तो अडवण्याआधी पुराव्यासाठी पडद्याचा फोटो कसा काढून ठेवावा. पैशांची फसवणूक झाली तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करायचा आणि बाईचा इंटरनेटवरून पाठलाग करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, हे प्रत्येकीला पाठ असावे.

एवढे झाल्यावर थांबू नये. खरा धडा पुढेच आहे. रेशन मिळाले नाही, पाण्याची टाकी गळते, तर ती तक्रार स्वतःच्या नावाने, स्वतःच्या शब्दांत नोंदवावी. माहिती अधिकाराचा एक अर्ज गटाने मिळून इंटरनेटवरून करून पाहावा. गावच्या व्हॉट्सॲप गटात फुले आणि नमस्कार पाठवतो, तिथेच एकदा ग्रामसभेच्या खर्चाविषयी प्रश्न टाकावा. एकटीने टाकला तर तिला झोडपतील, म्हणून पाचजणींनी मिळून ठरवून टाकावा. रस्त्यावरच्या मोर्च्यात आपण हात धरून चालतो, तसेच इथेही. आणि आपल्या गावाविषयी, आपल्या कामाविषयी निदान एक पानभर मजकूर कुठेतरी लिहून ठेवावा.

सरकारकडेही मागण्या कराव्याच लागतील. बायकांच्या योजनेचे प्रत्येक ॲप आधी मराठीत हवे, आणि ते जाहीर करण्यापूर्वी अंगणवाडी सेविका, आशा, बचत गटातल्या बायका यांच्याकडून वापरून पाहिलेले हवे. बाईच्या हक्कासाठी पुरुषाचा ओटीपी मागणे कायमचे बंद व्हावे. ज्यांना इंटरनेट जमत नाही त्यांच्यासाठी कागदाचा रस्ता खुला राहावा, कारण हक्क हे कौशल्याचे बक्षीस नव्हे. आणि सर्वेक्षणात ‘कधी वापरले आहे का?’ एवढेच विचारून थांबू नये. तिच्या नावाचा फोन आहे का, तो तिच्याजवळ असतो का, त्यावरून गेल्या महिन्यात तिने कोणाला प्रश्न विचारला का, हेही विचारावे. जे मोजले जात नाही त्यासाठी अंदाजपत्रकात पैसा येत नाही, हे आपण घरकामाच्या बाबतीत चांगले ओळखून आहोत.

घरात मात्र कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहायची गरज नाही. रात्रीची भांडी घरातल्या पुरुषाने आणि मुलाने घासावीत आणि तेवढा अर्धा तास बाईने आपल्या फोनसमोर बसावे, चुकतमाकत, कोणी डोक्यावर उभे न राहता. मागणी लहान दिसते, पण घरोघरी करून पाहा, किती मोठी आहे ते कळेल.